लेकराची शेजारती

दर खेपेस संतांच्या गोष्टी सांगतो, आज माझीच एक चूक सांगणार आहे.

आमचे बिऱ्हाड छत्रपती संभाजीनगरात, सिडकोच्या बाजूला. मुलगा वाळूजच्या कारखान्यात. दुसरी पाळी असली म्हणजे त्याला घरी यायला मध्यरात्र होते. नातू चार वर्षांचा. बापाची वाट पाहतो, पण तसे सांगणार नाही. पाणी मागेल, मग शू, मग गोष्ट, मग पुन्हा पाणी. पाणी आजीनेच द्यायचे, पांघरूण आईनेच घालायचे, गोष्ट मीच सांगायची, आणि तीही कालचीच. एक शब्द बदलला की उठून बसलाच!

त्या रात्री हरिपाठ आटोपून मी देवघरातल्या रांगत्या बाळकृष्णाला निजवीत होतो. तळहाताएवढी गादी, वर रेशमाचा तुकडा. पोर दारात येऊन म्हणाले, "आजोबा, गोष्ट राहिली." मी खेकसलो, "देवाचं चाललंय, दिसत नाही? जा, नीज मुकाट्यानं!" गेले बिचारे, भिंतीकडे तोंड करून पडले. सून हळूच म्हणाली, "मामा, पितळेच्या बाळाला पांघरूण घातलंत. ह्या बाळाचं तेवढं राहिलं."

काय उत्तर देणार? चाळीस वर्षे गळ्यात माळ आहे!

मग आठवली पंढरीची शेजारती. देवाचा पोशाख उतरवितात, आरती होते, शेजघरात पलंग सजवितात. 2014 पर्यंत ही सेवा वंशपरंपरेने चाले. दिवट्याने मशाल धरायची, डिंगऱ्याने आरसा दाखवायचा, हरिदासाने पदे म्हणायची, डांग्याने चांदीची काठी घेऊन उभे राहायचे. एकाचे काम दुसऱ्याने करायचे नाही. आता मंदिर समितीकडे कारभार आला, तरी रोजचा क्रम तोच आहे. "देवा, कालच तर झाली, आज उरकून घेतो," असे कोणी म्हणते का? आणि आमच्या नातवाने आजीला पाणी, आईला पांघरूण, मला गोष्ट अशी सेवा वाटून दिली, तर तो आम्हांला हट्ट वाटतो. अंधारात शिरताना ओळखीच्या पायऱ्या पायाखाली लागाव्या, एवढेच त्याचे मागणे असते.

आपल्या जिल्ह्याचे दैवत म्हणजे पैठणचे नाथ. लहानपणीच आईबाप गेले. आजोबा चक्रपाणी आणि आजी, यांनी सांभाळले. आईवेगळ्या लेकराची रात्र कशी असते, हे सांगायला पोथी लागत नाही. पुढे नाथांनी वाळवंटात तापलेले पोर कडेवर घेतले, ही कथा आपण कीर्तनात डोळे पुसत ऐकतो. पण आधी त्यांना कोणीतरी कडेवर घेतले होते, म्हाताऱ्या हातांनी, हे माझ्या ध्यानात कधी आले नव्हते.

कोणी म्हणेल, बुवा, रोज एवढे लाड केले तर पोर शेफारेल. तसे नाही. क्रम आहे म्हणून शेवटही आहे. शेजारती झाली की दार लागते, मग कितीही मोठा माणूस येवो. गोष्ट एक म्हणजे एकच. मात्र बोलताना हातात मोबाइल नको. पोराला सगळे कळते!

आणि क्रम मोडायचे दिवसही असतातच. आषाढीच्या आधी चांगला दिवस पाहून देवाचा पलंग निघतो. विठोबाच्या पाठीशी लोड, रखुमाईला तक्क्या, आणि रात्रंदिवस दर्शन. शेजारती बंद. पुढे प्रक्षाळपूजा होते, शिणवटा जावा म्हणून देवाला काढा देतात, आणि पलंग पुन्हा येतो. पोर तापाने फणफणले, दात आले, की घराचाही पलंग निघाला असे समजावे. तेव्हा घड्याळ दाखवू नये. बरे वाटले की मात्र जुन्या क्रमावर हळूहळू यावे.

असो. दुसऱ्या रात्री बाळकृष्णाला थोडे थांबविले. म्हटले, देवा, आधी हा. नातवाजवळ बसलो, पण गोष्ट सांगू देईना. रुसला होता. बऱ्याच वेळाने भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाला, "बाबा आले की मला उठवाल?"

"उठवीन."

"मग सांगा. कालचीच."