हौदांसाठी भांडणारा माणूस

१८ एप्रिल १९०६, बुधवार. पहाटेचे ५ वाजून १२ मिनिटे झाली होती, तेव्हा झोपलेल्या सॅन फ्रान्सिस्कोखालची जमीन हादरली. शहराच्या अग्निशमन दलाचे प्रमुख डेनिस सलिव्हन बुश स्ट्रीटवरच्या ठाण्यातच, वरच्या मजल्यावर पत्नीसह राहत. शेजारी कॅलिफोर्निया हॉटेलची उंच इमारत होती. तिचे धुराडे तुटून ठाण्यावर पडले आणि छपरासकट मजले फोडत खाली गेले. पत्नीच्या खोलीकडे धावलेले सलिव्हन त्याच भगदाडात कोसळले. पत्नी वाचली. सलिव्हन २२ एप्रिलला गेले, म्हणजे भूकंपामुळे शहरात भडकलेली आग विझल्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या आगीवर पाण्याचा एक फवाराही त्यांना मारता आला नाही.

अग्निशामक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर धुरातून मूल खांद्यावर घेऊन बाहेर येणारा माणूस उभा राहतो. त्या शौर्याला नमस्कारच. पण सलिव्हन यांचे मोठेपण मला त्यांच्या अर्जांत दिसते. १८९३ साली ते दलाचे प्रमुख झाले. शहर बहुतांशी लाकडी, उतारावर दाटीने वसलेले, वर समुद्राचा वारा. पाणीपुरवठा एका खासगी कंपनीकडे, आणि तिच्या मोठ्या वाहिन्या भूकंपाच्या भेगेजवळून आलेल्या. या वाहिन्या फुटल्या तर काय, हा सलिव्हन यांचा प्रश्न होता. त्यांचे म्हणणे असे की शहराच्या तीन बाजूंना समुद्र आहे, तर आगीसाठी खाऱ्या पाण्याची वेगळी वाहिनी टाका. आणि १८५०च्या दशकात चौकाचौकांत रस्त्याखाली बांधलेले जुने हौद दुरुस्त करून भरून ठेवा. पैसे मिळाले नाहीत. सभेत हा माणूस कंटाळवाणाही वाटला असेल. जी आपत्ती आलेलीच नाही तिच्यासाठी खर्च मागणाऱ्याचे नेहमी असेच होते.

ऑक्टोबर १९०५मध्ये विमा कंपन्यांच्या राष्ट्रीय मंडळाने शहराची पाहणी केली. निष्कर्ष चमत्कारिक होता: हे शहर अजून जळाले नाही हेच आश्चर्य, आणि त्याचे श्रेय मुख्यतः अग्निशमन दलाच्या दक्षतेला. दलाच्या वाट्याला कौतुक आले. वाहिनी काही आली नाही. पुढे सहा महिन्यांतच भूकंप झाला.

त्या सकाळी बंब धावत सुटले, जवानांनी रस्त्यावरच्या नळांना होज जोडले, चाव्या फिरवल्या. बहुतेक ठिकाणी पाणीच आले नाही. जमिनीखालच्या वाहिन्या शेकडो ठिकाणी फुटल्या होत्या. आगीची वर्दी देणारी तारयंत्रणाही बंद पडली होती. सलिव्हन यांच्या जागी दलाची सूत्रे हाती घेतलेले जॉन डोहर्टी जिथून मिळेल तिथून पाणी उपसत राहिले. आगीची वाट अडवायला सुरुंग लावून इमारती उडवल्या गेल्या. त्यातल्या कित्येक स्फोटांनी आग उलट पसरवली. तीन दिवसांत सुमारे २८,००० इमारती गेल्या, दोन लाखांहून अधिक माणसे उघड्यावर आली.

सलिव्हन जिवंत असते तर शहर वाचले असते, असे तिथे पुष्कळदा म्हटले गेले. मला ते पटत नाही. सुरुंगाचा वापर त्यांनी अधिक शहाणपणाने केला असता, एवढे मानू. पण नळात पाणी नसताना कुठलाही सेनापती काय करणार? शहराला गरज होती ती सलिव्हन यांनी मागितलेल्या हौदांची आणि वाहिनीची. चर्च स्ट्रीट आणि विसावा रस्ता यांच्या कोपऱ्यावरच्या एका नळाला मात्र त्या दिवसांत पाणी होते. त्याने मिशन भागाचा मोठा तुकडा वाचवला. दरवर्षी १८ एप्रिलला पहाटे लोक जमून त्या नळाला सोनेरी रंग देतात. पुतळ्यांच्या जगात नळाचा हा मान मला फार आवडतो.

सलिव्हन गेल्यावर दोन वर्षांनी, १९०८मध्ये, नागरिकांनी ५२ लाख डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली. १९१३पर्यंत आगीसाठी स्वतंत्र जलवाहिन्या टाकून झाल्या. ट्विन पीक्सच्या टेकडीवर सुमारे एक कोटी गॅलनचा जलाशय आला, समुद्राचे पाणी खेचणारी दोन पंपगृहे बांधली गेली. रस्त्याखालचे हौदही वाढले. अनेक चौकांत डांबरात बसवलेले विटांचे वर्तुळ दिसते, त्याच्या खाली हौद असतो. सलिव्हन यांच्या स्मरणार्थ दलप्रमुखासाठी बुश स्ट्रीटवरच एक घरही बांधण्यात आले. घर देखणे आहे. पण त्यांचे खरे स्मारक जमिनीखाली आहे.

आपल्याकडे १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या गोदीतील स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ. त्या दिवशी आपण मान झुकवतो, ते योग्यच. त्याच आठवड्यात आणखी एक करा. आपल्या इमारतीच्या जिन्यातली लाल पेटी उघडून पाहा. होज जागेवर आहे का, चावी फिरते का, गच्चीवरच्या आगीसाठीच्या टाकीत पाणी आहे का, हे सोसायटीच्या सभेत विचारा. महाराष्ट्राच्या २००६च्या कायद्यानुसार या यंत्रणेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते. तो कागद मागा. सभासद कंटाळले तरी मागा.