जात कशावरून ठरवावी?

मराठींत ‘जात’ हा शब्द आपण माणसास लावतों, आंब्यास लावतों आणि आंतड्यांत राहणाऱ्या एकपेशी जंतूसही लावतों. एका शब्दावर इतका भार घातला म्हणजे विचारांत गोंधळ व्हावयाचाच. म्हणून सर्वांत क्षुद्र प्राण्यापासून आरंभ करूं.

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत पारनेर-संगमनेरकडील माळांवर शेळ्या व मेंढ्या एकत्र चरतात. दोहोंच्याही लेंड्यांत ‘आयमेरिया’ नांवाच्या परोपजीवी जंतूचे अंड्यासारखे कोष सांपडतात. सूक्ष्मदर्शकाखालीं ते इतके सारखे दिसतात कीं, दोन्ही प्राण्यांतील कांहीं जंतूंस पुष्कळ काळ एकच नांव होतें. परंतु शेळींतील हे जंतु मेंढीच्या पोटांत घातले असतां ते तेथें रुजत नाहींत, असें प्रयोगांत आढळलें. मग नांवें निराळीं झालीं. एक कुरण, एक पाणवठा, तरी मध्यें सीमा आहे. ती डोळ्यांस मात्र दिसत नाहीं.

मनुष्याच्या बाबतींत हाच प्रश्न महाग पडला. एमिल ब्रंप्त या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९२५ सालीं असें प्रतिपादिलें कीं, आमांशाचा म्हणून ओळखला जाणारा अमीबा वस्तुतः दोन जातींचा आहे. हिस्टोलिटिका आंतड्यांस व्रण पाडूं शकतो; डिस्पार निरुपद्रवी असतो. दोघांचेही पक्व कोष चार केंद्रकांचे, हुबेहूब सारखे. दिसण्यांत भेद नाहीं तर जात वेगळी कशी, असें म्हणून बहुतेकांनीं तें मत झिडकारलें. १९७८ सालीं एन्झाइमांच्या तपासणींत दोन गट स्पष्ट दिसले. आनुवंशिक द्रव्याच्या तुलनेनें त्यास पुष्टि मिळाली आणि १९९३ सालीं डायमंड व क्लार्क यांनीं हिस्टोलिटिकाचें नव्यानें वर्णन करून त्यास डिस्पारपासून वेगळें केलें. मधल्या काळांत कितीएक धडधाकट माणसें केवळ कोष सांपडले म्हणून रोगी ठरलीं व औषधें घेत राहिलीं. (खऱ्या हिस्टोलिटिकाचेही बहुतेक यजमान आजारी पडत नाहींत, तेव्हां केवळ वर्तन हीही कसोटी पुरी नव्हे.)

आतां कोणी म्हणेल, अंतरंगच जर खरें, तर माणसांतील जातींसही शास्त्राचा आधार मिळाला! आम्हांस हें अनुमान सर्वस्वी उफराटें वाटतें. अमीबा दिसावयास एक, आंतून दोन. माणसें आडनांवांनीं शेंकडों, आंतून एक. एकाच समाजांतील व्यक्तिव्यक्तींमधला आनुवंशिक फरक हा समाजासमाजांमधल्या फरकाहून मोठा असतो. बेटीबंदीच्या खुणा रक्तांत उमटतात खऱ्या, पण त्या चालीरीतीच्या खुणा होत. याच जिल्ह्यांत सोनई येथें २०१३ सालीं जातीच्या अभिमानापायीं तीन तरुणांचे खून पडले. तेथें कोणती सीमा राखली गेली, हें कोणत्या सूक्ष्मदर्शकांत पाहावें?

किती फरक झाला म्हणजे जात वेगळी, याचें माप सृष्टीनें कोठें कोरून ठेवलेलें नाहीं. जिआर्डियाचे गट आनुवंशिक दृष्ट्या बरेच भिन्न असूनही त्यांतील कित्येक अद्याप एकाच नांवाखालीं नांदतात. म्हणून सीमा आंखणाऱ्यानें ती कशासाठीं आंखली, हें विचारण्याचा आपणांस अधिकार आहे. १९९७ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं अमीबाच्या दोन जाती मान्य केल्या, तेव्हां असेंही सुचविलें कीं, केवळ सूक्ष्मदर्शकानें तपासलें असेल तर अहवालांत ‘हिस्टोलिटिका/डिस्पार’ अशीं दोन्ही नांवें लिहावीं आणि लक्षणें नसलेल्या माणसास तेवढ्यावरून औषध देऊं नये.