काचेच्या टाकीतून माणूस जन्मत नाही

चि. ईरा,


तुझी पटकथा वाचली. आधी चांगलं सांगते. मुलगा गेल्यावर बाईसाहेब त्याच्या खोलीतला पंखा कोणाला बंद करू देत नाहीत, तो प्रसंग तू फार समजून लिहिला आहेस. साखर कारखान्याचे चेअरमन घरात कसे बोलतात, बाहेर कसे बोलतात, हेही तुला चांगलं ठाऊक आहे. पण मग तो डॉक्टर येतो, डोंगरातली गुप्त प्रयोगशाळा येते, आणि निळ्या उजेडातल्या काचेच्या टाकीतून गेलेल्या मुलाचा चोवीस वर्षांचा तयार क्लोन उठून बसतो. ती टाकी काढून टाक. आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं म्हणून सांगते आणि फिल्म सोसायटीत सिनेमा बघत म्हातारी झाले म्हणूनही सांगते.

क्लोन तयार होत नाही, जन्माला येतो. एका बीजांडातलं केंद्रक काढून टाकायचं, ज्याचा क्लोन हवा त्याच्या शरीरातली पेशी त्याला जोडायची, विजेचा हलका झटका देऊन दोन्हींचा संयोग घडवायचा आणि भ्रूण वाढू लागलं की ते एका मादीच्या गर्भाशयात ठेवायचं. पुढचं सगळं निसर्गाच्या वेळापत्रकानं. डॉली ही क्लोन मेंढी 5 जुलै 1996 रोजी एडिंबरोजवळच्या रॉसलिन संस्थेत जन्मली. जिच्या कासेतली पेशी घेतली होती ती मेंढी तोवर मरून गेली होती. म्हणजे मेलेल्या मेंढीचा क्लोन झाला, पण तो कोकरू होऊन आला, तोही एका वेगळ्या जातीच्या, काळ्या तोंडाच्या मेंढीच्या पोटी.

हे तुझ्या कथेत आणून बघ. चेअरमनसाहेबांच्या घरात चोवीस वर्षांचा मुलगा परत येत नाही, तान्हं बाळ येतं. बाईसाहेब तेव्हा पन्नाशीला आल्यात. बाळ अकरा वर्षांचं होईल तेव्हा त्या साठीच्या. त्याच्यासाठी गेलेल्या थोरल्याचे कपडे जपून ठेवलेत, थोरल्याची शाळा ठरलेली, थोरल्याला आवडायची ती भाजी रोज ताटात, आणि या पोराला मात्र ती भाजी आवडत नाही. ही गोष्ट टाकीतून उठणाऱ्या तरुणापेक्षा कितीतरी भयंकर आहे, आणि तिला खर्चही नाही. अकरा वर्षांचा एक गुणी मुलगा शोध. थोरला फक्त भिंतीवरच्या फोटोत आणि मोबाइलमधल्या व्हिडिओंत. दोघं एका चौकटीत कधीच येत नाहीत, म्हणजे डबल रोलची कसरतही नको. तुझ्या छायाचित्रकारानं त्या कसरतीसाठी जे बजेट मांडलंय, ते वाचून माझ्या पोटात गोळा आला होता.

डबल रोलला माझा विरोध नाही. दादासाहेब फाळक्यांच्या 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके रामही होते आणि सीताही. आपला प्रेक्षक तेव्हापासून एका नटाच्या दोन भूमिका बघत आलाय. पण म्हणूनच एकसारखे दोन चेहरे समोर आले की तो ते जुळे भाऊ म्हणून वाचतो, जत्रेत हरवलेले. तुझा क्लोन त्याच्यासाठी हरवलेला भाऊ होईल आणि जे म्हणायचंय ते हातातून निसटेल.

स्मृतीबद्दलही तेच. तुझ्या खर्ड्यात क्लोनला जुन्या प्रेयसीचं नाव आठवतं. ते शक्य नाही. केंद्रकातून आठवण येत नाही. रंगरूपाचीसुद्धा पूर्ण खात्री नसते. डिसेंबर 2001 मध्ये टेक्सासच्या विद्यापीठात सीसी नावाचं मांजर जन्मलं, जगातलं पहिलं क्लोन मांजर. जिच्यापासून ते केलं तिच्या अंगावर नारिंगी ठिपके होते, सीसीच्या अंगावर नारिंगी रंगच नव्हता. कारण मांजरीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक निजतं आणि नारिंगी रंगाचं जनुक एक्सवर असतं. ज्या पेशीपासून सीसी झाली, तिच्यात नेमकं तेच निजलं होतं. आणि तुझ्या शेवटच्या भागातलं ते झपाट्यानं म्हातारं होणंही काढ. डॉली सहा वर्षांची असताना गेली म्हणून ती समजूत पसरली, पण तिला फुप्फुसात विषाणूमुळे होणारा ट्यूमर झाला होता. तिच्याच पेशींपासून पुढे झालेल्या चार मेंढ्या सात ते नऊ वर्षांच्या वयात चांगल्या निरोगी असल्याचं 2016 मध्ये प्रसिद्ध झालं. तुझ्या मुलाला जगू दे. त्याच्या मरणानं प्रश्न सुटतो, आणि तो सुटता कामा नये.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. तुझ्या पटकथेत एकही बाई गरोदर नाही.

डॉलीच्या प्रयोगात 277 बीजांडं जोडली गेली. त्यांतून 29 भ्रूण हाती लागले, ते 13 मेंढ्यांच्या पोटात ठेवले, आणि एक कोकरू जगलं. शांघायमध्ये पेशीकेंद्रक बदलून झालेल्या पहिल्या दोन माकडांची बातमी 2018 मध्ये आली. त्यासाठी 79 भ्रूण 21 माद्यांच्या पोटात ठेवले होते, सहा गाभण राहिल्या, दोन पिल्लं जन्मली. आता माणसाचा हिशोब कर. एका स्त्रीला दहा-बारा दिवस इंजेक्शनं दिल्यावर एका खेपेला साधारण दहा-पंधरा बीजांडं मिळतात. डॉलीच्या मापानंच धरलं तरी वीस-बावीस बायका लागतील, पुन्हा गर्भाशयं वेगळी, पुन्हा पडलेले गर्भ वेगळे. हे मी कल्पनेनं सांगत नाही. दक्षिण कोरियातले ह्वांग वू-सुक यांनी 2004 आणि 2005 मध्ये क्लोन केलेल्या मानवी भ्रूणांपासून मूळपेशी मिळवल्याचा दावा केला होता. तो खोटा ठरला, निबंध मागे घेतले गेले. चौकशीत निघालं की दोन हजारांहून अधिक बीजांडं वापरली होती, काही बायकांना पैसे दिले होते आणि त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या तरुण संशोधक मुलींनीही बीजांडं दिली होती. साहेबांना नाही म्हणणं त्या मुलींना किती सोपं होतं, याचा विचार कर.

आणि तू तर गोष्ट साखरपट्ट्यात घातली आहेस. ईरा, तिथे गर्भाशयाची गोष्ट आधीच घडून गेली आहे. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, सरकारनं समिती नेमली. तिथल्या पाहणीत सुमारे 82 हजार बायकांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, खाडा पडला की दंड. फडात पाणी नाही, आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत सुट्टी नाही. आणि पोट दुखतंय म्हणून गेलं की पिशवी काढून टाका म्हणणारा डॉक्टर. ऐन तिशीतल्या बायका त्यात होत्या.

तुझ्या चेअरमनांना मुलाचा क्लोन हवा आहे. बाईसाहेबांचं वय उलटलंय. मग गर्भाशय कोणाचं? त्यांच्याच कारखान्याला ऊस घालणाऱ्या टोळीतली एखादी बाई, जिची उचल फिटलेली नाही आणि जिची पिशवी अजून शाबूत आहे. तिला मुकादम येऊन सांगतो की या हंगामात तुला फडावर जायचं नाही. तुझा सिनेमा मला इथे सुरू होताना दिसतो. तिच्या जावेची पिशवी काढलेली आहे, ती रात्री तिच्या शेजारी बसून काय बोलेल? हा संवाद तू लिहू शकतेस, असं मला मनापासून वाटतं. पण आधी एका हंगामात पालावर जाऊन राहा. त्या बायकांशी बोल, त्यांच्या परवानगीनं लिही, आणि कोणा एकीची ओळख पटेल असं काही पडद्यावर आणू नकोस.

गर्भाशय भाड्यानं देणारी बाई मराठी पडद्यावर नवी नाही. समृद्धी पोरे यांचा ‘मला आई व्हायचंय!’ तू पाहिला असशील, त्याला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. तिथे मूल परक्या देशातल्या बाईचं होतं. तुझ्या सिनेमात मूल मालकाचं आहे, आणि तेही मेलेल्या मालकपुत्राचं. फरक मोठा आहे.

क्लोनवरचा डंकन जोन्स यांचा ‘मून’ पुन्हा बघ. 2009 च्या जानेवारीत सनडान्सला दाखवला गेला. खर्च सुमारे 50 लाख डॉलर, म्हणजे त्यांच्याकडच्या विज्ञानपटांच्या मानानं चिल्लर. लंडनजवळच्या शेपर्टन स्टुडिओत 33 दिवसांत चित्रण उरकलं. चंद्रावरच्या गाड्या म्हणजे लहान मॉडेलं होती, आणि जवळजवळ सगळा सिनेमा सॅम रॉकवेल या एका नटाच्या खांद्यावर. त्यातही क्लोनमध्ये आठवणी भरलेल्या आहेत, शास्त्राच्या दृष्टीनं ते चूकच. तरी मी त्याला मोठा सिनेमा मानते, कारण त्यानं क्लोनचा प्रश्न कामगाराचा प्रश्न करून टाकला. तीन वर्षांचं कंत्राट, घरापासून दूर, आणि कंपनीच्या लेखी माणूस म्हणजे बदलायचा सुटा भाग. मुकादम आणि उचल हे शब्द ज्या मातीत रोज बोलले जातात, तिथल्या दिग्दर्शिकेला ही गोष्ट सांगण्याचा अधिकार जोन्स यांच्यापेक्षा जास्तच आहे.

प्रयोगशाळेचं काय, असं तू विचारशील. हरियाणातल्या कर्नालला राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्था आहे. तिथे फेब्रुवारी 2009 मध्ये म्हशीचं पहिलं क्लोन पारडू झालं, ते काही दिवसांतच गेलं. जूनमध्ये गरिमा नावाचं क्लोन पारडू जन्मलं. त्यांची पद्धत हातानं करायची आहे, सूक्ष्मदर्शकाखाली बारीक पात्यानं बीजांड कापून केंद्रक वेगळं करायचं, महागडं यंत्र नको. तुझी प्रयोगशाळा तालुक्याच्या गावातल्या वंध्यत्व केंद्राच्या मागच्या खोलीत बसते. ट्यूबलाइट, भिंतीवर देवाचं कॅलेंडर, एक इनक्युबेटर, आणि वीज गेली की जनरेटरकडे धावणारा पोऱ्या. कलादिग्दर्शकाला हे सांग, तो खूश होईल.

कायद्याचा एक संवाद घातला आहेस तो चुकलाय. आपल्याकडे माणसाच्या क्लोनिंगवर स्वतंत्र कायदा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूचना त्याला मनाई करतात. संयुक्त राष्ट्रांत 2005 मध्ये मानवी क्लोनिंगविरोधी जाहीरनामा मतदानाला आला तेव्हा भारतानं विरोधात मत दिलं. क्लोन मूल जन्माला घालायला आपला विरोधच होता, पण जाहीरनाम्यानं उपचारासाठीच्या संशोधनाचं दारही बंद होईल म्हणून ते मत होतं. तुझ्या वकिलाच्या तोंडी हे घाल, ते पात्र एकदम जिवंत होईल.

पैशाबद्दल मला फार कळत नाही, पण एक गोष्ट सांगते. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी फाळक्यांवर कोणी पैसे लावायला तयार नव्हतं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि रोपाची वाढ थोडी थोडी टिपून जेमतेम मिनिटभराची फिल्म केली. ती दाखवून त्यांनी कर्ज उभं केलं, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले. तूही निर्मात्यांच्या दारात जाडजूड बाड घेऊन जाऊ नकोस. पालावरच्या त्या दोन जावांचा प्रसंग आठ-दहा मिनिटांत चित्रित कर आणि तो दाखव. आरती कडव यांनी ‘कार्गो’मध्ये अख्खं अंतराळयान मुंबईत सेट लावून उभं केलं, तुला तर यानही लागत नाही. गोव्याच्या फिल्म बाजारात पटकथेच्या कार्यशाळेला अर्ज कर. आणि कोणालाही वाचायला देण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदणी कर. 1979 चा ‘द क्लोनस हॉरर’ हा असाच तुटपुंज्या पैशांतला स्वतंत्र सिनेमा. 2005 मध्ये ‘द आयलंड’ हा प्रचंड खर्चाचा हॉलिवूडपट आला, तेव्हा आपली गोष्ट उचलली म्हणून ‘क्लोनस’च्या कर्त्यांना कोर्टात जावं लागलं. प्रकरण शेवटी तडजोडीनं मिटलं.

मुलाचं नाव थोरल्याचंच ठेवायचं की नवं, हे खर्ड्यात तू ठरवलेलं नाहीस. बाईसाहेब एका नावानं हाक मारतील, जिच्या पोटी तो वाढला ती मनात दुसऱ्या. हे ठरवल्याशिवाय पुढे लिहू नकोस.

दसऱ्याच्या आसपास टोळ्या कारखान्यांकडे निघतात, यंदा त्यांच्याबरोबर जा. आल्यावर पहिला प्रसंग लिहून मला पाठव, आणि टाकीतलं एकही पान त्यात ठेवू नकोस.

तुझी,
माईआत्या