नमस्कार कोणाला?

राजापूर तालुक्यातल्या कशेळीत दोन दैवतं आहेत, असं मी म्हटलं की आमच्या नागपूरच्या घरात वाद सुरू होतो. पहिल्याबद्दल दुमत नाही. कनकादित्याची मूर्ती गलबतातून निघाली, गलबत इथल्या किनाऱ्याशी अडलं, मूर्ती देवघळीत ठेवली गेली आणि कनका नावाच्या बाईला दृष्टान्त झाला, अशी आख्यायिका. शिवाय शिलाहार राजा दुसरा भोज याचा 1191 सालचा ताम्रपट. नाव, गोष्ट, दस्तऐवज, सगळं शाबूत.

दुसरा म्हणजे सड्यावरचा हत्ती. जवळपास 18 मीटर लांब, जांभ्यात कोरलेला. आधी नुसता खाचांचा गुंता दिसतो. कोवळ्या तिरप्या उन्हात खाचांनी सावली धरली की सोंड सुटी होते, मग पाय. आणि पोटात बघावं तर शार्क, पाकट! हत्तीच्या पोटात समुद्र. कुणी कोरलं, कशासाठी, काही कळत नाही. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे अशा मंडळींनी वर्षानुवर्षं सडे पालथे घातले, 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पण कोरणाऱ्याचा देव कोण, ते कुठल्याच यादीत नाही. वाट दाखवणारे गावकरी एवढंच म्हणाले, "काकू, चपला बाहेर काढा हां." ते जपणुकीपोटी की श्रद्धेपोटी, मी विचारलं नाही. त्यांना त्यात फरक वाटत नसावा.

माझं माहेर महानुभावांचं. 'दंडवत प्रणाम' म्हणत वाढलेल्या माणसाला दगडाचं नवल नसतं. रिद्धपूरला आम्ही ओट्यावर डोकं टेकतो ते तिथे श्रीगोविंदप्रभू वावरले म्हणून. स्वामी कुठे बसले, कुठे राहिले, हे पंथाने स्थानपोथीत टिपून ठेवलं. स्पर्शाने जागा पवित्र होते खरी, पण स्पर्श कुणाचा ते ठाऊक हवं. भाऊ म्हणूनच चिडतो. "ताई, ज्याची ओळखच नाही त्याला हात जोडायचे, तर मग खडीच्या ढिगाला का नाही?" पंथाच्या हिशेबाने त्याचं चुकत नाही.

माझं मात्र तेवढ्याने भागत नाही. टिपण हरवलं की पावित्र्य संपत असेल, तर ते पोथीत होतं, ओट्यात नव्हतंच. आणि दगडातच असेल, तर पोथी जपायचा एवढा खटाटोप कशाला केला? सड्यावर मला तिसरंच काही दिसलं. एवढा हत्ती कोरणाऱ्याला कोरताना अख्खा दिसलाच नसणार. तो जमिनीवर उकिडवा, नाकासमोर वीतभर खाच. पूर्ण चित्र आपल्याला दिसणार नाही हे माहीत असून तो दिवसच्या दिवस वाकून राहिला. कशापुढे, ते त्याचं त्याला ठाऊक. मी हात जोडले ते त्या वाकण्याला. हत्तीशी माझं काही देणंघेणं नाही.

भावाने यावरही कडी केली. "मग जुनापाणीला का नाही जोडत? कशेळीपेक्षा जवळ आहे." काटोल रोडवरची शिळावर्तुळं आमच्या दाराशीच म्हणायची. लोहयुगातली थडगी, काही शिळांवर कोरलेले छोटे खळगे. तिथेही कुणीतरी वाकलंच होतं. पण तिथे वाकणाऱ्यापुढे त्याचं माणूस होतं, नावानिशी ओळखीचं, आणि त्या दुःखात मी परकी. तिथे हात जोडायला मला अजून धजवत नाही. त्यावर भाऊ म्हणतो, सोयीचं तत्त्वज्ञान आहे तुझं. असेल.