वाद्याचा आवाज कोणाचा ?

आमच्या एका दिवंगत मित्राचें घर कात्रजच्या तळ्यापासून फार लांब नाहीं. गेल्या पावसाळ्यांत त्या घरून आम्हांस पंच म्हणून बोलावणें आलें. वादाचा विषय होता एक विजेची गिटार. आमचे मित्र तरुणपणीं गणेशोत्सवांतील वाद्यवृंदांत ती वाजवीत असत. आतां ती त्यांच्या मुलाच्या हातीं आहे. तिच्यांतील जुने पिकअप काढून नवे बसवावे, असें मुलाच्या मनांत होतें आणि आईचा त्यास विरोध होता. आम्ही महाविद्यालयांत तत्त्वज्ञान शिकवितों, एवढ्याच आधारावर निकालाचें काम आमच्याकडे आलें.

निकाल आमच्या जिभेवर तयारच होता. रथ म्हणजे चाक कीं आंस कीं जूं, असें नागसेनानें मिलिंदराजास विचारलें होतें. यांपैकीं एकही जर रथ नव्हे, तर एक चाक बदललें म्हणून रथ गेला असें कोण म्हणेल ? मिरजेच्या तंबोऱ्याचेंही तसेंच. तारांच्या घर्षणानें घोडीची जवारी झिजते, कारागीर ती घासून पुन्हां काढतो, आवाजांत फरक पडतो. तरी तंबोरा तोच राहतो. हें सर्व आम्हीं मोठ्या आत्मविश्वासानें सांगितलें. वहिनींनीं शांतपणें ऐकून घेतलें. मग त्या म्हणाल्या, "भावोजी, रथाचं मला कळत नाहीं. ते गेल्यावर त्यांचं म्हणून या घरांत ऐकूं येतं, तें एवढंच आहे."

आमच्या लक्षांत आलें कीं, आम्हीं न विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर दिलें होतें. गिटार तीच राहील कीं नाहीं, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. गेलेल्या माणसाचा आवाज बदलण्याचा अधिकार मागें राहिलेल्यांपैकीं कोणास आहे, हा त्यांचा प्रश्न होता.

मुलाची बाजूही पोकळ नव्हती. पोलादी तारांखालीं चुंबक आणि त्याभोंवतीं केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे, एवढाच पिकअप असतो. तार कंप पावली कीं चुंबकीय क्षेत्र हलतें आणि वेढ्यांत क्षीण वीज उत्पन्न होते. फॅरेडेनें १८३१ सालीं दाखविलेला नियम तो हाच. परंतु एकेरी वेटोळें तारेच्या कंपाबरोबर घरांतल्या विजेची गुणगुणही उचलतें. सेथ लव्हर या अमेरिकन तंत्रज्ञानें १९५५ सालीं यावर तोड काढून पेटंटासाठीं अर्ज केला. त्यानें दोन वेटोळीं उलट चुंबकध्रुवांवर व उलट दिशेनें जोडलीं. त्यामुळें बाहेरची गुणगुण परस्परांस मारते आणि तारेचा ध्वनि मात्र एकत्र होतो. मुलाला जुन्याच खाचेंत बसणारे तसले दुहेरी पिकअप हवे होते. "काका, बाबांची गाणीं मला वाजवायचीं आहेत, पण ती गुणगुण ऐकून कोणी उभं करीत नाहीं," असें तो म्हणाला.

तथापि पिकअप बदलणें म्हणजे केवळ पिकअप बदलणें नव्हे. आवाजाच्या खुंटीचा रोध एकेरी वेटोळ्यास सामान्यतः २५० हजार ओहम ठेवितात व दुहेरीस ५०० हजार. जुनी खुंटी तशीच ठेविली तर उंच स्वर दबतात. एका पिकअपाचीं टोकें उलट जोडलीं गेलीं, तर दोन्ही एकत्र वाजवितांना आवाज पातळ व पोकळ होतो. तारांच्या रंगांचे संकेत कारखान्यागणिक निराळे असल्यामुळें रंगावर न विसंबतां मीटर लावून पाहावें लागतें. म्हणजे आवाज कोणत्याही एका भागांत सांपडत नाहीं. तो जोडणींत असतो.

अखेर "उघडून तरी पाहूं या" असें वहिनीच म्हणाल्या. झांकण काढलें, तों आंत मित्राच्या हातचे कथलाचे ओबडधोबड डाख दिसले. जुन्या रेडिओंतून काढलेला एक कपॅसिटर होता, तारा जरुरीपेक्षां लांब ठेवून गुंडाळलेल्या होत्या आणि एका कडेला कोणती तार कोठें जाते याची चिठ्ठी त्याच्याच अक्षरांत होती. वहिनी ती चिठ्ठी बराच वेळ हातांत धरून बसल्या. "म्हणजे त्यांनींही हिला बदललं होतं," त्या म्हणाल्या, "आणि मला सांगितलं नव्हतं."

यावरून मुलाचा पक्ष सिद्ध झाला, असें आम्ही म्हणणार नाहीं. बापानें बदलली ती स्वतःची वस्तु. मुलगा बदलणार होता ती वारशाची. तरी त्या चिठ्ठीनें आम्हांस एक गोष्ट शिकविली. ज्यानें ती लिहिली, त्यानें आपलें काम शेवटचें मानलें नव्हतें.

परततांना आम्ही कात्रजच्या तळ्याकांठीं थांबलों. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दींत, १८व्या शतकाच्या मध्यास, येथून जमिनीखालच्या बांधीव नळानें शनिवारवाड्याकडे व शहरांतील हौदांकडे पाणी नेलें गेलें. पुणेकरांस हौद दिसे, नळ दिसत नसे. पण नळ बांधणाऱ्यांनीं मधून मधून उच्छ्वास ठेविले, कारण गाळ काढावयास पुढें कोणास तरी आंत उतरावें लागणार, हें त्यांनीं जाणलें होतें. न दिसणाऱ्या कामांतील नीति ती हीच, असें आम्हांस वाटतें. वारसदारास बदलण्याचा अधिकार आहे, कारण न वाजविलेलें वाद्य जपून ठेवणें हाही त्याचा एक प्रकारें अंतच होय. पण पुसून टाकण्याचा अधिकार त्यास नाहीं. जुनें काय होतें याची खूण ठेवणें, मागें परतण्याची वाट मोकळी ठेवणें आणि जेथें कोणी पाहणार नाहीं तेथील डाखही पक्का देणें, हें त्याचें ऋण आहे.

पुढें मुलानें नवे पिकअप बसविले. जुने पिकअप, ती खुंटी व तो कपॅसिटर फडक्यांत गुंडाळून गिटारीच्या पेटींत ठेविले. बापाच्या चिठ्ठीजवळ स्वतःची चिठ्ठी ठेविली. वहिनींनीं एकच विचारलें, "पुन्हां होतं तसं करतां येईल ना रे ?" तो म्हणाला, "येईल, आई."

हें सर्वस्वीं खरें नाहीं. दर वेळीं तापविलेला सांधा थोडा दुबळा होतो, आणि कानांतून एकदां गेलेला आवाज जसाच्या तसा परत येतो कीं नाहीं कोण जाणे. पण तें वचन प्रामाणिकपणें देतां येईल असें काम करणें त्याच्या हातीं होतें व तें त्यानें केलें. वहिनींनीं अद्याप जुना आवाज परत मागितलेला नाहीं, आणि नव्याची स्तुतीही केलेली नाहीं. आमचा तो पहिला निकाल मात्र आम्हीं मागें घेतला आहे.