मांजर घराचं, आणि तुम्ही?

आत मांजर कोंबून वैनगंगेपलीकडे नेलेलं ते पोतं सगळ्यांनी पाहिलं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्या फोनवर एव्हाना कुणीतरी पाठवलं असेलच. पोतं कुणाचं, गाडी कुणाची, हे शोधणारे शोधोत. माझा राग त्यानंतर चौकातल्या टपरीवर जे ऐकलं त्याचा आहे. चहाचे कप हातात धरून चार भली माणसं त्या पोत्याची वकिली करत होती.

बरेचसे मुद्दे जुनेच. लेकराला दमा आहे. सून बाळंत व्हायची आहे. नव्या जागेचा मालक ऐकत नाही. यातल्या दम्याला मी मान देतो, बाकीच्यांना नाही, आणि ‘जरा प्रॅक्टिकल व्हा’ म्हणणाऱ्याला तर मी चहासुद्धा पाजत नाही. हा शब्द विज्ञान शाखेच्या परीक्षेबाहेर ऐकला की माझं डोकं उठतं, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. पण सगळ्यांच्या माना डोलल्या त्या वेगळ्याच वाक्याला: ‘‘मांजर मानसाचं नसते जी, घराचं असते.’’

केवढं सोयीचं वाक्य! कुत्र्याबद्दल असं बोलायची सोय नाही. ते टेम्पोमागं धावतं आणि भर गल्लीत आपली अब्रू काढतं. मांजर धावत नाही. सामान चढत असताना ते कुंपणावर बसून पंजा चाटतं, आणि आपण एकमेकांना सांगतो, बघा, त्याला काही आहे का?

बरं, असेल घराचं. धरून चालू. समजा एखाद्या साहेबांची बदली झाली, भाड्याचं घर सोडलं, तेव्हा घरमालकाच्या ताब्यात काय काय दिलं? मीटरचं रीडिंग लिहून दिलं. पाण्याची मोटर चालू करून दाखवली. पंखे मोजले, नळाच्या तोट्या मोजल्या, भिंतीतले खिळेसुद्धा मोजले. मांजर घराचंच होतं तर ते त्या यादीत का नव्हतं? किल्ल्यांच्या खाली ‘नग एक, रंग करडा, शेपूट शाबूत’ अशी एक ओळ लिहायला कितीशी शाई लागली असती? डिपॉझिट परत घेताना मांजर सुस्थितीत मिळाल्याची सही घ्यायची होती. शिवाय जे घराचंच होतं, त्याला त्याच घरातून उचलून, पोत्यात कोंबून वैनगंगेपलीकडे न्यायची गरज काय पडली? घराचं होतं तर घरी राहू द्यायचं. पाणी ओलांडलं की मांजराला वाट सापडत नाही, असं आपल्याकडची जुनी माणसं सांगतात. मान्य. पण वाट सापडून ते परत आलं असतं, तर तुमचं काय गेलं असतं? तुम्ही तर दुसऱ्या जिल्ह्यात. फार तर शेजारच्या काकूंचा फोन आला असता की साहेब, तुमचं मांजर बंद दारासमोर बसून ओरडते आहे. बहुधा पोतं तो फोन टाळण्यासाठीच बांधलं जातं.

आणि हे वाक्य भंडारा जिल्ह्यात बोललं जावं! १९८८ साली गोसीखुर्दच्या धरणाची कोनशिला बसली तेव्हापासून ‘माणूस आपल्या घराचा, आपल्या गावाचा असतो’ हेच तर आपण सरकारला सांगत आलो. मोर्चे काढले, निवेदनं दिली. बुडीत गावांतल्या लोकांनी दारं-चौकटी उपसून नेल्या, म्याली उतरवून नेल्या, देवळातले देव नेले. नव्या गावठाणातला म्हातारा आजही ओळख सांगताना पाण्याखालच्या गावाचं नाव आधी घेतो. त्याला कुणी म्हणालं का, की बाबा, तू घराचा आहेस, तर तिथंच थांब? घरावर जीव असणं हा माणसात हक्क ठरतो, त्याचा मोबदला मागता येतो. मांजरात तोच जीव त्याला टाकून जायचं कारण होतो.

त्या वाक्यात थोडं तथ्य आहे, नाही असं नाही. मांजराला आपली हद्द लागते, वास लागतात. घर बदललं की ते बावरतं. म्हणून जाणते लोक नव्या घरात त्याला काही आठवडे आत ठेवतात, आधी एकाच खोलीत, त्याचं जुनं अंथरूण तसंच न धुता देतात, आणि ते निवांत झालं की मग दार उघडतात. एवढंच. यात अवघड काही नाही, फक्त साहेबांच्या टाइल्सवर थोडी माती पडते. २०१९ साली अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात मांजराच्या पिल्लांवर प्रयोग झाला. पालक थोडा वेळ खोलीबाहेर जायचा आणि परत यायचा. शंभरातली साधारण ६४ पिल्लं तो परतल्यावर निर्धास्त झाली, त्याला भेटून पुन्हा आपल्या खेळाला लागली. तान्ही मुलं आईशी वागतात तसंच. खोली तीच होती, पालक गेला-आला म्हणून फरक पडला. त्याच वर्षी जपानी अभ्यासकांनी दाखवलं की मांजर आपलं नाव ओळखतं. ओळखून उठतं असं मात्र त्यांनी म्हटलेलं नाही.

आमचा बोकाही उठत नसे. त्याचं नाव जावई. न बोलावता आला, पहिल्याच दिवशी चांगल्या खुर्चीवर बसला आणि ताटातल्या माशाला नावं ठेवली, म्हणून सौ.नं हे नाव दिलं. वैनगंगेचा ताजा मासा असेल तर खायचा, शिळ्याकडे पाठ. दूध त्याला चालत नसे. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना ते पचत नाही, पण आपल्याकडे मांजरापुढं दुधाची वाटी सरकवणं म्हणजे पुण्यकर्म, मग त्याचं पोट बिघडलं तरी चालेल. जावई रात्री पायथ्याशी झोपायचा आणि पहाटे छातीवर यायचा. मी लिहायला बसलो की नेमका कागदावर. या स्तंभातले काही लेख तोकडे निघाले, त्यामागं हे कारण आहे.

जुन्या काळी मांजराला या जिल्ह्यात चांगली नोकरी होती. घरोघरी धानाच्या कोठ्या, वाड्यात पुंजणं, आणि धान आलं की उंदीर आलेच. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका कबरीत माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं. ही सोयरीक धान्याच्या राशीपासूनच जमली असं जाणकार मानतात. आता धान खळ्यातून थेट आधारभूत किमतीच्या खरेदी केंद्रावर जातं. राहिलेल्या पोत्यांभोवती लोक विषाच्या वड्या टाकतात. मांजर बेकार झालं. पण उंदीर पकडायची खोड कुठं जाते?

जावई त्या विषानंच गेला. त्या गुलाबी-निळ्या वड्यांमध्ये ब्रोमाडिओलोन असतं. त्यानं रक्त गोठायचं थांबतं. उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त होऊन फिरतो, आणि सुस्त उंदीर मांजराला आयता सापडतो. कुणी मुद्दाम मारलं असं नाही. गल्लीत कुणीतरी आपलं धान वाचवत होतं. जावई जेवेनासा झाला, मग पलंगाखाली जाऊन बसला. दुखलं की मांजर लपतं. हिरड्या पांढऱ्या पडलेल्या दिसल्या तेव्हा पशुवैद्याकडं नेलं. यावर के जीवनसत्त्वाची इंजेक्शनं असतात, वेळेत मिळाली तर मांजर वाचतं. ती त्याला दिली, उशीर झाला होता. पेरूच्या बुंध्याशी पुरला. सांत्वनाला आलेला एकजण म्हणाला, मांजरासाठी एवढं कोण करतं, प्रॅक्टिकल व्हा. त्याचा चहा मी परत आत पाठवला.

नीतीची गोष्ट म्हणाल तर ती लांबून आणायची गरज नाही. भंडारा हे निळभट्ट भांडारेकारांचं गाव. ते ज्यांच्यामागं घरदार सोडून निघाले, त्या चक्रधरस्वामींची सशाची लीळा अनेकांना माहीत असेल. शिकाऱ्यांपुढून पळालेला ससा त्यांच्या मांडीखाली येऊन दडला. शरण आलेल्याला देता येत नाही म्हणून त्यांनी तो दिला नाही. आपलं प्रकरण त्याहून सोपं आहे. ससा आपणहून आला होता. तुमचं पिल्लू लेकराच्या हट्टापायी तुम्हीच खोक्यात घालून आणलंत.

सगळ्यांनी मांजर पाळावं असं मी म्हणत नाही. बहुतेकांनी पाळूच नये, विशेषतः ज्यांच्या घरी पांढऱ्या टाइल्स आहेत त्यांनी. आणि सुटलेलं प्रत्येक मांजर टाकलेलंच असतं असंही नाही. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगा भंडारा शहरात शिरली तेव्हा लोक अंगावरच्या कपड्यांनिशी नावेत बसले. त्या रात्री कुणाचं मांजर छपरावर राहिलं असेल तर त्याला जाब विचारणारा मी कोण? पण बदलीचा आदेश म्हणजे पूर नव्हे. त्यात टेम्पो ठरवायला, कपाटाला गोधडी गुंडाळायला, मनीप्लांटची कुंडी मांडीवर घ्यायला वेळ मिळतो.

कायदाही आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेत त्यासाठी झटल्या, आणि १९६० साली प्राण्यांच्या छळाला बंदी करणारा कायदा झाला. उपासमार किंवा तहान होईल अशा स्थितीत वाजवी कारणाशिवाय प्राण्याला टाकून देणं हा त्याच्या अकराव्या कलमाखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ५०. तेव्हा साहेब, घाबरू नका. दंड भरा, पावती घ्या आणि बदलीच्या प्रवासभत्त्याच्या बिलाला जोडा. घरसामानाच्या वाहतुकीत धरतात का बघू. मांजर घराचंच होतं ना.