भावना कोणाची, विषय कोणाचा?

संगीताच्या भावनिक सामर्थ्याविषयी आपल्याकडे बहुधा गौरवाच्याच भाषेत लिहिले जाते. हे सामर्थ्य नैतिकदृष्ट्या निरपराध आहे काय, असा प्रश्न क्वचितच उपस्थित होतो. रॉकगीत आणि चित्रपटाचे पार्श्वसंगीत या दोन प्रकारांत मात्र तो टाळता येत नाही. याचे कारण असे की, या दोहोंत संगीत एकटे येत नाही. एकात ते शब्दांना सोबत घेऊन जमावासमोर येते. दुसऱ्यात ते प्रतिमेच्या मागे, प्रेक्षकाचे लक्ष जाणार नाही अशा बेताने उभे असते.

एडुआर्ड हान्सलिकने १८५४ मध्ये मांडलेला युक्तिवाद येथे आठवणे इष्ट ठरेल. भीती ही कशाची तरी भीती असते, आशा ही कशाची तरी आशा असते. या 'कशाची'ची कल्पना वजा केली, तर भावनेत उरते ती केवळ गती : चढणे, ओसरणे, ताणले जाणे, सैलावणे. संगीत फक्त ही गतीच देऊ शकते. म्हणून संगीताचे सौंदर्य भावनेत शोधू नये, हा हान्सलिकचा निष्कर्ष आपण स्वीकारलाच पाहिजे असे नाही. पण त्याच्या विश्लेषणातून दुसरे एक अनुमान निघते व ते अधिक अस्वस्थ करणारे आहे. गतीला स्वतःचा विषय नसेल, तर तो बाहेरून पुरवता येतो. आणि जो तो पुरवील, त्याच्या पदरात त्या गतीचे सारे बळ पडते.

वाग्नरच्या वाल्किरींच्या स्वारीचे संगीत हे याचे ठळक उदाहरण होय. ग्रिफिथच्या 'द बर्थ ऑफ अ नेशन' (१९१५) या मूकपटासोबत वाजवण्यासाठी जे संगीत सिद्ध करण्यात आले, त्यात कू क्लक्स क्लॅनच्या घोडेस्वारांच्या दौडीला हेच संगीत जोडलेले होते. १९७९ च्या 'अपोकॅलिप्स नाऊ'मध्ये अमेरिकन हेलिकॉप्टरे व्हिएतनाममधील खेड्यावर तुटून पडतात तेव्हाही हेच संगीत वाजते. स्वर तेच, उन्माद तोच. फरक इतकाच की, कोपोलाच्या चित्रपटात ते संगीत पात्रेच वाजवतात. अधिकाऱ्याच्या हुकमावरून हेलिकॉप्टरवरील ध्वनिक्षेपकांतून ते बाहेर पडते. उन्मादाचे यंत्र दृश्याच्या आत आणून ठेवल्यामुळे ते प्रेक्षकाला दिसते. ग्रिफिथकडे ते दिसत नाही, केवळ काम करते. कोपोलाच्या प्रेक्षकाला ते दिसते, तरीही त्याच्या अंगावर काटा येतोच, ही गोष्ट मात्र सोयीस्करपणे विसरू नये. जाण आल्याने भावना मावळते, हा गृहीतसिद्धान्त येथे टिकत नाही.

रॉकगीताच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. ब्रूस स्प्रिंगस्टीनचे 'बॉर्न इन द यू.एस.ए.' (१९८४) घ्या. त्याचे शब्द व्हिएतनामहून परतलेल्या एका माणसाचे आहेत. लहानशा गावातील दरिद्री जन्म, परक्या मुलखात रवानगी, खे सान येथे भाऊ गमावणे, परतल्यावर कारखान्याच्या दारातून रिकाम्या हाताने माघारी येणे. धृपदात मात्र देशाचे नाव उच्चरवाने येते, आणि त्याला सिंथेसायझरवरील एका छोट्याशा स्वरावलीची व ढोलाच्या घणाघाती ठोक्याची साथ असते. १९ सप्टेंबर १९८४ रोजी न्यू जर्सीतील हॅमंटन येथील प्रचारसभेत रोनाल्ड रेगन यांनी, एकाही गाण्याचे नाव न घेता, स्प्रिंगस्टीनच्या गीतांत आशेचा संदेश असल्याचे सांगितले. तेव्हापासून 'रेगन यांना गाणे कळलेच नाही' हे वाक्य समीक्षकांच्या तोंडी रूढ झाले आहे.

माझ्या मते हे वाक्य अर्धसत्य आहे. अर्थ शब्दांत असतो आणि चाल हे त्याचे वेष्टन असते, हा साहित्याभ्यासकाचा पूर्वग्रह त्यामागे आहे. (भावगीत वर्गात शिकवताना आपण विद्यार्थ्यांना चाल विसरायला सांगतो, तोही याच पूर्वग्रहापोटी!) मैदानावर हजारो श्रोत्यांनी उंचावलेल्या मुठी हा काही केवळ गैरसमज नव्हता, त्या चालीत विजयोत्सव खरोखरच आहे. हेच गाणे स्प्रिंगस्टीनने १९८२ च्या आरंभी घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट-यंत्रावर एकट्याने ध्वनिमुद्रित केले होते. ते १९९८ मध्ये प्रकाशित झाले. त्यात विजयाचा लवलेश नाही. कोणताही पुढारी ते सभेत वाजवणार नाही. मग 'खरे' गाणे कोणते? एकट्याचे गाणे प्रामाणिक आणि वाद्यवृंदाचे गाणे तडजोडीचे, असे उत्तर देणे सोपे आहे. ते मला पटत नाही. वाद्यवृंदाच्या गाण्यातही दोनच स्वरसंघ आळीपाळीने येत राहतात. आवाज चढत जातो, पण स्वररचना जागची हलत नाही. नायक कोठेच पोहोचत नाही, हे शब्दांइतकेच त्या न हलणाऱ्या रचनेतही आहे. आणि तरीही तो देशाच्या नावाने छाती फुगवतो. मर्ढेकरांनी लयीची जी तीन तत्त्वे सांगितली, त्यांतील विरोधलयीचे हे उदाहरण मानता येईल काय? शब्द आणि स्वर या दोन भिन्न माध्यमांतील विरोधाला ते तत्त्व लावणे मर्ढेकरांना रुचले असते की नाही, हा वाद येथे नको. पण गाण्याचे दुःख या विसंवादातच आहे, आणि अर्धे गाणे उचलून नेण्याची सोयही त्यानेच करून ठेवली आहे. या सोयीची जबाबदारी केवळ उचलणाऱ्यावर टाकता येणार नाही.

येथे अभिनवगुप्ताकडे वळणे उपयुक्त ठरते. रसप्रतीतीच्या विघ्नांची गणना करताना त्याने प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखांत गुंतलेला असणे हे एक विघ्न मानले आहे, आणि त्याच्या निवारणाचे काम वाद्य, गायन इत्यादींकडे सोपवले आहे. त्यांच्या योगे अहृदय माणूसही निर्मळ होऊन सहृदय बनतो, अशी त्याची भूमिका. म्हणजे संगीताने भावना भरायची नाही, जागा रिकामी करायची. हा निकष लावला असता मैदानावरील रॉकगीताची अडचण नेमकी कळते. ते बहुधा उलट करते : श्रोत्याच्या स्वतःच्या सुखदुःखांनाच, त्याच्या अभिमानाला आणि अपमानाला, ते मोठा आवाज मिळवून देते. ज्याला एरवी आवाजच नाही त्याच्या दृष्टीने हे थोडे नव्हे, आणि रसशास्त्राच्या तराजूत या गोष्टीला वजन मिळत नाही हे त्या शास्त्राचे न्यून आहे. परंतु याला साधारणीकरण म्हणता येणार नाही. हजार माणसांना एकाच वेळी आपापले दुःख आठवणे आणि हजार माणसांनी एकाचे दुःख अनुभवणे, या दोन भिन्न घटना आहेत.

अभिनवगुप्ताचा निकष पूर्णपणे उतरतो असे एक स्थळ चित्रपटात आहे. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'त (१९५५) हरिहर दीर्घकाळाने घरी परततो आणि दुर्गेसाठी आणलेली साडी सर्वजयेपुढे धरतो. दुर्गा मरण पावली आहे, हे त्याला ठाऊक नाही. सर्वजयेचा बांध फुटतो. पण तिचा आक्रोश आपल्याला ऐकू येत नाही. रविशंकर यांच्या संगीतातील तारशहनाई पटदीपात वरच्या पट्टीत उसळते. तोंड तिचे, आवाज वाद्याचा. येथे संगीत विषय पुरवत नाही. विषय आपल्याजवळ आधीच आहे, हरिहरापेक्षाही आधी. संगीत एक गोष्ट काढून घेते : त्या बाईचा स्वतःचा आवाज. तो ऐकू आला असता, तर कदाचित आपण तिची कीव केली असती. आता तिला रडताना पाहत असूनही आपल्याला कोणाचेच रडणे ऐकू येत नाही, आणि हरिहराला अजून काहीच कळलेले नसते.